चैत्राच्या भरवशावर

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मंडपवाल्याच्या घरात पैसा नसतो. धंदा मंद असतो म्हणून नव्हे, तो भरात येणार असतो म्हणून. त्याचा पैसा त्या वेळी कापडात असतो, नव्या झालरींत, खुर्च्यांच्या कव्हरांत, टेम्पोच्या टायरांत आणि गड्यांना दिलेल्या उचलीत असतो. बँडच्या मास्तरांनी नवे गणवेश शिवायला टाकलेले असतात. फोटोग्राफरने हप्त्यावर कॅमेरा घेतलेला असतो. आचाऱ्याने नवी शेगडी आणि दोन मोठी पातेली आणलेली असतात. पाडवा झाला की लग्नसराई सुरू होते, गावोगावच्या जत्रा लागतात आणि गेलेला पैसा वैशाखापर्यंत वाढून घरी येतो. शेतकरी मृगाच्या तोंडावर घरातलं सगळं बियाण्याला घालून मोकळा होतो, तशीच ही माणसं पाडव्याच्या तोंडावर मोकळी झालेली असतात.

साताऱ्यात मी अशा धंदेवाल्यांचे हिशेब लिहितो. बिलं, पावत्या, रोजमेळ, वर्षाचं विवरणपत्र, एवढं माझं काम. माझी फीसुद्धा त्यांच्या हंगामाला बांधलेली. त्यांना मिळाले की मला मिळतात. त्यामुळे करोनाच्या टाळेबंदीत पैशाची काळजी घरात कशी शिरली आणि किती काळ मुक्कामाला राहिली, हे मी दोन्हीकडून पाहिलं, त्यांच्या वह्यांत आणि माझ्या घरात. त्या काळाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. पायी गावाकडे निघालेल्या मजुरांबद्दल लिहिलं गेलं, दवाखान्यांबद्दल लिहिलं गेलं, आणि ते लिहिलंच पाहिजे होतं. पण ज्यांना कुणी कामावरून काढलं नाही, कारण त्यांना कामावर ठेवणारंच कुणी नव्हतं, त्यांचं काय झालं हे फारसं कुठे आलं नाही. आपल्या देशात काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक असे आहेत, आपलं आपण कमावणारे.

२०२० साली पाडवा २५ मार्चला आला. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. राज्यात संचारबंदी त्याआधीच लागली होती. पाडव्याच्या सकाळी दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या, पण रस्त्यावर कुणी नव्हतं. पहिला फटका बसला तो साखरेच्या गाठी करणाऱ्यांना. गाठींचा धंदा वर्षातून एकदाच, होळीपासून पाडव्यापर्यंत. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाठीला गिऱ्हाईक नसतं. भट्टीवरचा माल भट्टीवाल्याच्या घरीच राहिला. तेव्हा आम्हाला ते त्याचं एकट्याचं नुकसान वाटलं. पुढच्या दोन महिन्यांत आमच्या सगळ्यांच्या धंद्यांचं तेच झालं.

शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा झाली नाही, जोतिबाची झाली नाही. गावच्या जत्रा गावाने रद्द केल्या. २६ एप्रिलची अक्षय तृतीया कोरडी गेली. टाळेबंदी १४ एप्रिलला संपायची होती ती ३ मेपर्यंत गेली, मग १७ मे, मग ३१ मे. पगारदार माणसाला त्या तारखा म्हणजे घरात बसण्याचे आणखी काही दिवस होते. लग्नसराईवर जगणाऱ्याला प्रत्येक तारीख म्हणजे आणखी काही मुहूर्त गेले असं होतं. मे महिना गेला तर जून त्याची भरपाई करत नाही. पुढे आषाढ, चातुर्मास. त्यात त्या वर्षी अधिक आश्विन आला आणि दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. तुळशीचं लग्न लागायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मार्चमध्ये रिकाम्या झालेल्या खिशाला नोव्हेंबरअखेरपर्यंत वाट पाहायची होती.

पण हंगाम बुडण्यापेक्षाही जास्त त्रास झाला तो इसाराच्या पैशांचा.

लग्न ठरलं की यजमान मंडपवाल्याला इसार देतो. मंडपवाला तो पैसा पेटीत ठेवत नाही. त्यातून तो कापड घेतो आणि गड्यांना उचल देतो. गडी त्या उचलीतून घराचं छप्पर नीट करतो, पोरीची फी भरतो, किराण्याची जुनी उधारी फेडतो. बँडच्या मास्तरांचंही तेच. सुपारी घेतली की क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांना आधी पैसे द्यावे लागतात, नाहीतर ते दुसऱ्या पार्टीत जातात. म्हणजे वैशाखातल्या लग्नाचा पैसा फाल्गुनातच चार घरांत पोचलेला असतो. लग्न झालं असतं तर हा सगळा व्यवहार चोख होता. त्यात कुणाची लबाडी नव्हती, उधळपट्टी नव्हती. लग्न रद्द झालं आणि यजमानाने इसार परत मागितला, तेव्हा तो मागायचा कुणाकडे आणि द्यायचा कशातून?

एप्रिलमध्ये मला जे फोन आले ते बहुतेक याच कारणासाठी. मंडपवाले काका म्हणाले, "भाऊ, इसार परत मागतायत. मी नाही म्हणत नाही, पण आणू कुठून?" मी वही उघडून बसलो होतो. वहीत सगळं स्पष्ट होतं: अमुक तारखेला जमा, तमुक तारखेला खर्च. हिशेब बरोबर होता आणि तरी पैसा नव्हता. मागणारा यजमानही चुकत नव्हता. पुण्याच्या कारखान्यातली त्याच्या मुलाची नोकरी गेली होती. ती रक्कम त्याला घर चालवायला हवी होती. दोन्ही बाजू खऱ्या, दोन्ही घरं अडचणीत, आणि मध्ये एक रक्कम जी आता कुणाकडेच उरली नव्हती.

या गुंत्यातून लोकांनी जे मार्ग काढले ते कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. कुणी म्हणालं, लग्न पुढे गेलंय, मोडलेलं नाही. इसार तुमच्याकडेच राहू द्या. कुणी निम्म्यावर समजूत केली. काकांनी एका यजमानाला आठवड्याला पाचशे रुपये असे परत केले; दर सोमवारी त्याची नोंद माझ्या वहीत येत होती. एका निवृत्त शिक्षकांनी तर उलटच केलं. इसार मागितला नाहीच, वर निरोप पाठवला की उरलेल्यातले थोडे आत्ता घ्या, मांडव पुढे कधीतरी घालाल. काकांनी ते पैसे घेतले आणि आपल्या तीन गड्यांना वाटले. असेही काही होते ज्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्यांच्याबद्दल मी कठोर बोलणार नाही. पण ज्यांनी फोन उचलला, त्यांनी त्या काळात हा धंदा जिवंत ठेवला.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. केशरी शिधापत्रिकेवर मे आणि जूनमध्ये माणशी तीन किलो गहू आठ रुपये दराने आणि दोन किलो तांदूळ बारा रुपये दराने मिळाले. शिवभोजनाची थाळी दहा रुपयांची पाच रुपयांना झाली. जनधन खात्यावर बायकांना तीन महिने पाचशे रुपये आले. घरभाड्याची वसुली निदान तीन महिने पुढे ढकला, असं राज्य सरकारने घरमालकांना सांगितलं. हे सगळं उपयोगी पडलं. मी स्वतः त्या रांगेत उभ्या राहिलेल्या आणि त्या रांगेत उभं राहायला न धजलेल्या, दोन्ही प्रकारच्या लोकांना ओळखतो.

अडचण निराळी होती. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायला मुभा दिली, मग २२ मेला ती मुदत ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. पण ही मुभा बँकांना आणि वित्त कंपन्यांना होती. आमच्याकडचा छोटा धंदेवाला पतसंस्थेकडून कर्ज घेतो, भिशीतून उचलतो, ओळखीच्या माणसाकडून हातउसने आणतो. त्यांना ते परिपत्रक लागू नव्हतं. सवलत द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर. आणि जिथे मुभा मिळाली तिथे व्याज चालूच होतं. टेम्पोच्या कर्जापैकी पाच लाख बाकी असतील आणि व्याज बारा टक्के असेल, तर महिन्याला पाच हजार व्याज, सहा महिन्यांचं तीस हजार. व्याजावर चढलेलं व्याज पुढे परत मिळालं, पण हे तीस हजार ज्याचे त्याने भरले. टेम्पो मात्र त्या सहा महिन्यांत दारातून हललाही नव्हता.

मे महिन्यात केंद्राने हमीच्या कर्जाची तीन लाख कोटींची योजना आणली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जितकं कर्ज शिल्लक असेल, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवं कर्ज. म्हणजे ज्याच्यावर बँकेचं कर्ज होतं त्याला आधार मिळाला. ज्याने आयुष्यभर कर्ज टाळून, साठवून साठवून धंदा वाढवला, त्याला त्यातून काही मिळण्यासारखं नव्हतं. जूनमध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली, दहा हजारांचं कर्ज. तीही चांगली, पण तिला फेरीचा दाखला किंवा नगरपालिकेचं शिफारसपत्र हवं. बँडमध्ये झांज वाजवणारा फेरीवाला नाही. लग्नात पुऱ्या लाटणारी बाई घरकामगार नाही. फोटोग्राफरचा हाताखालचा पोरगा बांधकाम मजूर नाही. मदत यादीवरून वाटली जाते आणि या लोकांची यादी कुणी कधी केलीच नव्हती.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. न झालेल्या कमाईची पावती नसते. शेतात पाणी शिरलं तर तलाठी पंचनामा करतो. दुकान जळलं तर विमा कंपनीचा माणूस येतो. कारखान्याने पगार कापला तर किती कापला ते कागदावर असतं. पण जे लग्न झालंच नाही, त्यातून मास्तरांना किती मिळाले असते हे सिद्ध कशाने करायचं? आमच्या वह्या झालेले व्यवहार लिहितात. हुकलेले व्यवहार लिहायला त्यात रकाना नाही. म्हणून या वर्गाचं नुकसान प्रचंड असूनही ते कुठे दिसलं नाही. ते फक्त रात्री दिसत होतं, ज्याच्या त्याच्या घरात.

रात्रीबद्दल लिहिणं मला अवघड जातं, पण ते टाळून हा विषय पुरा होत नाही. पैशाची काळजी दिवसा सहन होते. दिवसा माणूस काहीतरी करतो, कुणाला तरी फोन लावतो, कपाट आवरतो. रात्री दिवे मालवले की हिशेब सुरू होतो. गॅस किती दिवस पुरेल, औषधाची पट्टी किती उरली, मुलीच्या शाळेचा निरोप आलाय त्याला काय उत्तर द्यायचं. माझ्या घरी मी आणि माझी बायको दोघं जागे असायचो, आणि दोघांना वाटायचं की दुसरा झोपला आहे. नोकरी गेलेल्या माणसाला निदान कुणावर तरी रागावता येतं. आपला धंदा आपणच उभा केलेला, आपलं शटर आपणच ओढलेलं, तिथे राग कुणावर धरायचा? तो आत वळतो. सकाळी माणूस घरच्यांवर ओरडतो आणि का ओरडला ते त्याला सांगता येत नाही. सलून चालवणाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या त्या उन्हाळ्यात वाचल्या तेव्हा मी पेपर घडी घालून ठेवला, पण विषय मनातून गेला नाही. त्या माणसांना त्या रात्री कुणीतरी एक फोन करायला हवा होता, हे मला आजही वाटतं.

माझ्या ओळखीचे सलूनवाले दादा तीन महिने घरी होते. राज्यात सलून उघडायला २८ जूनला परवानगी मिळाली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांना, दाढीला नाही. दुकान उघडलं म्हणून आनंद झाला, पण रोजचं गिऱ्हाईक दाढीचं असतं. केस माणूस महिन्याने कापतो, दाढी दोन दिवसांनी करतो. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा ॲप्रन, नवा नॅपकिन, सॅनिटायझर हे सगळं पदरचं. वीजबिल तर आधीच येऊन पडलं होतं. मीटर वाचायला कुणी आलं नव्हतं, म्हणून आधी सरासरीचं आणि जूनमध्ये तीन महिन्यांचं एकदम. बंद दुकानालाही स्थिर आकार होताच. दादांनी ते बिल माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "काही नको बोलू. नुसतं वहीत घाल." मी ते वहीत घातलं.

हात बांधून मात्र कुणी बसलं नव्हतं. मंडपवाल्या काकांच्या टेम्पोतून भाजी फिरू लागली. त्यांनी ज्या गल्ल्यांत मांडव घातले होते त्याच गल्ल्यांत आता ते वांगी आणि मेथी देत होते. फोटोग्राफरने घरपोच किराण्याचं काम धरलं. आचाऱ्याने दोन सोसायट्यांचे डबे सुरू केले. ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनींच्या घरी लग्नाचे शिवून तयार असलेले ब्लाऊज दोरीवर तसेच लटकत होते. न्यायला कुणी येत नव्हतं, त्यामुळे शिलाईही येत नव्हती. त्यांनी उरलेल्या कापडाचे मास्क शिवायला घेतले. मास्कमागे सुटणारे पैसे अगदी थोडे, पण ते रोज हातात यायचे. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, पैसे किती याला महत्त्व नाही. संध्याकाळी मशीन बंद करताना आज काहीतरी केलं असं वाटतं." काम हे पोटासाठी असतं हे खरं, पण माणूस कामावरच उभाही असतो, हे मला वहिनींनी सांगितलं.

सगळ्यांना वळता आलं नाही. ज्यांची गावाकडे एखादा एकर जमीन होती ते गावी गेले, भावाच्या शेतात राबले, दाण्यागोट्याला मोताद झाले नाहीत. बँडमधल्या बहुतेकांना तो मार्ग नव्हता. आमच्या भागात वाजंत्री वाजवण्याचं काम मातंग आणि होलार समाजातली घरं पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांना जमीन नाही. कला हीच त्यांची मिळकत, आणि ती वाजवायलाच बंदी. क्लॅरिनेट वाजवणारा एक तरुण त्या पावसाळ्यात उसाच्या भांगलणीला जात होता. मास्तर सांगत होते की त्याची बोटं सुजली होती आणि त्याला भीती होती ती मजुरीची नव्हे, बोटं बिघडण्याची.

मग सोनं बाहेर निघालं. ऑगस्टमध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला पंचावन्न हजारांच्या पुढे गेला आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला बँकांना परवानगी दिली. अर्थव्यवहार म्हणून तो निर्णय योग्यच होता. पण ते सोनं कुणाचं? मंगळसूत्राच्या वाट्या, माहेरची बोरमाळ, मुलीसाठी करून ठेवलेल्या बांगड्या. धंद्याच्या कागदावर मालक म्हणून नाव नवऱ्याचं. धंद्याचा शेवटचा विमा मात्र बायकोच्या अंगावर. माझ्या वह्यांत त्या वर्षी 'घरातून जमा' अशा नोंदी वाढल्या. त्या दोन शब्दांमागे कुणाचं काय गेलं हे मला ठाऊक होतं आणि ते लिहायला तिथे जागा नव्हती. टाळेबंदीतून छोटा धंदा कुणी वाचवला असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. घरातल्या बायकांनी वाचवला. त्याचं कर्ज अजून कुणी फेडलेलं नाही.

पिग्मी गोळा करणाऱ्याचाही उल्लेख केला पाहिजे. कर्नाटकातल्या उडुपीकडे सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही रोजच्या बचतीची पद्धत आपल्याकडे पतसंस्थांनी घरोघर पोचवली. रोज संध्याकाळी पन्नास, शंभर रुपये घेऊन जाणारा तो माणूस स्वतःही कमिशनवर जगणारा. दुकानं बंद, तर गोळा काय करणार? तरी आमच्याकडचे पिग्मीवाले मे महिन्यात सूट मिळताच फिरले. पैसे घ्यायला नव्हे, ज्यांना मुदतीआधी हवे होते त्यांचे परत करायला, अर्ज भरून द्यायला. ज्याच्या पिग्मीत थोडे साठलेले होते त्याचे ते दोन महिने निभावले. मोठ्या योजनांपेक्षा या बारीक बचतीने जास्त घरं तगवली, हे मी माझ्या वह्यांवरून सांगतो.

नोव्हेंबरमध्ये तुळशीची लग्नं लागली आणि धुगधुगी आली. ५० माणसांचं का होईना, पण लग्न. ५० माणसांच्या लग्नाला मांडव छोटा, बँड नाहीच, आचारी एक. त्यातच जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आधी गुरूचा, मग शुक्राचा अस्त, मुहूर्त थोडेच. म्हणजे पुन्हा सगळी भिस्त चैत्रावर. पुन्हा इसार आले, पुन्हा उचल दिली गेली, पुन्हा कापड घेतलं. या खेपेला लोकांनी जपून घेतलं, पण घेतलं. हंगामावर जगणाऱ्याला पेरल्याशिवाय राहता येत नाही.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच दिवशी रात्री मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या टाळेबंदीची घोषणा केली. १४ तारखेच्या रात्री आठपासून संचारबंदी. आठवडाभराने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, असा नियम आला. या वेळी सरकारने घोषणेबरोबरच मदतीचं पॅकेजही सांगितलं, ५,४७६ कोटींचं. परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, नोंदणीकृत घरकामगारांना, नोंदणीकृत बांधकाम कामगारांना प्रत्येकी दीड हजार. पहिल्या वर्षापेक्षा ही समज वाढलेली होती आणि तिचं श्रेय दिलंच पाहिजे. पण त्या प्रत्येक नावाआधी परवानाधारक किंवा नोंदणीकृत हा शब्द होता. मास्तरांनी टीव्हीवर पूर्ण भाषण ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "आपलं नाव कशात बसतं का बघा." मी सगळं वाचून काढलं होतं. ते कशातच बसत नव्हतं.

दुसरी लाट पहिलीपेक्षा फार वाईट होती. त्या एप्रिल-मेमध्ये पैशाची काळजी मागे पडली, ऑक्सिजनची आली. माझ्या वह्यांतली दोन खाती त्या उन्हाळ्यात कायमची बंद झाली. त्यांच्या घरच्यांना विम्याचे, पतसंस्थेचे कागद करून देताना मला कळलं की धंदेवाल्याच्या मागे राहणाऱ्या घराला त्याचे व्यवहार किती कमी माहीत असतात. येणं कुणाकडे, देणं कुणाचं, सगळं त्याच्या डोक्यात. डोकं गेलं की येणंही गेलं. घेणेकरी मात्र दारात येतात.

म्हणून आता मी माझ्या लोकांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतो. रोजमेळ रोज लिहा आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो वाचता येऊ द्या. धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा. इसार आला की त्यातला चौथा हिस्सा लग्न होईपर्यंत हलवू नका. विवरणपत्र भरा, उत्पन्न करपात्र नसलं तरी भरा. अंदाजे नफ्याची पद्धत आहे, उलाढालीच्या आठ टक्के, डिजिटल जमेवर सहा टक्के, फार कागद लागत नाहीत. बँकेला आणि सरकारला तुम्ही आहात हे त्यावरूनच कळतं. २६ ऑगस्ट २०२१ पासून असंघटितांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तिच्यात नाव घाला. पुढच्या संकटात पहिला प्रश्न यादीचाच येणार आहे.

पण सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकून मी मोकळा होणार नाही. कोपऱ्यातल्या दुकानदाराने महिनोन् महिने उधार किराणा दिला, घरमालकाने भाडं थांबवलं, निवृत्त शिक्षकांनी न मागता पैसे पाठवले, बायकांनी दागिने काढून दिले. या विश्वासावर ही माणसं तरली. समाजाचा हा गुण मोठा आहे आणि मी त्याच्यापुढे नतमस्तक आहे. तरीही एखाद्या राज्याने आपल्या निम्म्या कमावत्या माणसांना शेजाऱ्याच्या चांगुलपणावर सोडून देणं बरोबर नाही. चांगुलपणा सगळ्या गल्ल्यांत सारखा नसतो. ज्याचा हंगाम बुडाला त्याला हंगामाच्या हिशेबाने मदत मिळाली पाहिजे, पतसंस्थेचं कर्ज बँकेच्या कर्जासारखंच धरलं पाहिजे, आणि मंडप, बँड, स्वयंपाक, शिलाई, फोटो ही कामं करणाऱ्यांची नोंद गावोगाव शांततेच्या काळातच झाली पाहिजे. साथ आल्यावर याद्या करता येत नाहीत, हे आपण दोन पाडवे गमावून शिकलो आहोत.

आणि तुमच्या-माझ्या हातात असलेली एक गोष्ट आहे, तिला ना शासननिर्णय लागतो ना योजना. लग्नं आता पुन्हा थाटात होतात. हॉलचे पैसे आगाऊ भरले जातात, सोनाराचे रोख दिले जातात, आणि मंडपवाल्याला, मास्तरांना, आचाऱ्याला, ब्लाऊजवाल्या वहिनींना सांगितलं जातं, "पाहुणे गेले की बघू." माझ्या वह्यांत आजही सगळ्यात जुनी येणी याच नावांवर आहेत, आणि ती देणारे अडचणीतले नाहीत. त्यांना तुमच्याकडून दानधर्म नको आहे. त्यांचे पैसे मांडव उतरायच्या आत द्या.